खुर्ची आधी, अभ्यास नंतर

महाराष्ट्रातल्या खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत पुढे मुख्याध्यापक कोण होणार, हे बरेचसे तो शिक्षक नोकरीला लागतो त्याच दिवशी ठरून जाते. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७चा कायदा आणि त्याखालची १९८१ची नियमावली यांनी घालून दिलेली रीत सोपी आहे. शिक्षकवृंदात जो सेवाज्येष्ठ आहे, ज्याच्याकडे पदवी आणि बी.एड. आहे, पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव आहे आणि ज्याची सेवा समाधानकारक आहे, त्याला ते पद द्यायचे. ज्येष्ठता कशी मोजायची यासाठी नियमावलीला अनुसूची ‘फ’ जोडली आहे, आणि त्या यादीत आपण पहिले की दुसरे यावरून शाळा न्यायाधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत दावे गेले आहेत. नियम ३ मधल्या या मूळ अटींत शाळा चालवायला शिकलेले असण्याची अट मात्र नाही. दुसरीकडे, शालेय व्यवस्थापन हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय होऊन आता बराच काळ लोटला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, म्हणजे शिक्षकांच्या तोंडची ‘डीएसएम’, राज्यभरच्या शिक्षकांना ठाऊक आहे. एम.एड.ला शैक्षणिक प्रशासन आणि व्यवस्थापन शिकवले जाते. दिल्लीची राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, म्हणजे नीपा, शालेय नेतृत्व व व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका देते. अभ्यास आहे आणि खुर्चीही आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. अभ्यासक्रम किती आहेत यापेक्षा ते माणसाच्या नोकरीत केव्हा येतात आणि शिकलेले त्याला शाळेत करून पाहता येते का, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. आजवर जमलेला पुरावाही तिकडेच बोट दाखवतो.

हा विषय विद्यापीठात आला तो अमेरिकेत, आणि आला तो कारखान्याच्या दारातून. विसाव्या शतकाच्या आरंभी स्टॅनफर्डचे एलवूड कबर्ली आणि त्यांच्या पिढीचे इतर प्राध्यापक फ्रेडरिक टेलरच्या कार्यक्षमतेच्या विचाराने भारलेले होते. दर विद्यार्थ्यामागे खर्च किती, वर्ग किती तास रिकामे राहतात, असे हिशेब मांडणारा अधिकारी म्हणजे उत्तम शाळाप्रमुख, अशी त्यांची धारणा होती. त्या काळाचा समाचार रेमंड कॅलहन यांनी १९६२ मध्ये ‘एज्युकेशन अँड द कल्ट ऑफ एफिशियन्सी’ या पुस्तकात घेतला, तोवर विषयाने कूस बदलली होती. पन्नासच्या दशकात समाजशास्त्र आणि मानसशास्त्राच्या आधारे शैक्षणिक प्रशासनाचे ‘शास्त्र’ उभे करण्याची चळवळ जोरात होती. १९७४ मध्ये ब्रिस्टलच्या परिषदेत थॉमस ग्रीनफील्ड यांनी तिलाच हात घातला. संस्था ही निसर्गातल्या वस्तूसारखी नसते, ती माणसांच्या हेतूंची आणि अर्थांची बनलेली असते, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच वर्षांनी कार्ल वाइक यांनी शाळेला सैल जोडणीची संस्था म्हटले. कार्यालयात ठरलेले वर्गात उतरेलच असे नसते आणि वर्गात घडलेले कार्यालयाला कळेलच असेही नसते. मला या साऱ्या वादात वाइक यांचे निरीक्षण सर्वांत टिकाऊ वाटते, कारण मुख्याध्यापकाच्या कामाची अडचण नेमकी तिथे आहे. वर्गाचे दार लागले की आत शिक्षक राजा असतो, आणि बाहेरच्या माणसाला आतल्या शिकवण्यावर परिणाम करायचा असतो.

आपल्याकडे या विचारातून जे आले ते मुख्यतः प्रश्नावलीच्या रूपाने आले. अँड्र्यू हाल्पिन आणि डॉन क्रॉफ्ट यांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांसाठी बनवलेली शालेय वातावरणाची प्रश्नावली भारतात आली, तिची भारतीय रूपे तयार झाली आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या प्रबंध लिहिले गेले. मुख्याध्यापकाची नेतृत्वशैली आणि शिक्षकांचे कार्यसमाधान यांचा सहसंबंध हा एम.एड.च्या लघुप्रबंधांचा लाडका विषय झाला. शंभरेक शिक्षकांनी पर्यायांवर खुणा करायच्या, सहसंबंध काढायचा आणि शिफारशींत ‘मुख्याध्यापकांसाठी कार्यशाळा घ्याव्यात’ असे लिहायचे. प्रश्नावली वाईट नसते, पण शिक्षकाला आपला मुख्याध्यापक कसा वाटतो एवढेच तिच्यातून कळते. सातवीचा गणिताचा वर्ग कोणाला द्यायचा हे कसे ठरले, कच्च्या मुलांसाठी तासिका कुठून काढली, नवख्या शिक्षकाचा पाठ कोणी आणि किती वेळा पाहिला, हे तिच्यात सापडत नाही. शाळेच्या संघटनेचा अभ्यास म्हणजे याच गोष्टींचा अभ्यास, आणि त्यातच आपले संशोधन सर्वांत तोकडे आहे.

असे व्हायला नको होते, कारण या विषयाचा भारतीय पाया घालणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. गारगोटीच्या मौनी विद्यापीठामागचे, १९४८ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन उभारणारे आणि कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी नियोजनाचा घटक म्हणून एकेका शाळेकडे पाहा, असा आग्रह धरला. प्रत्येक शाळेने हाताशी असलेल्या साधनांतून स्वतःची योजना करावी, हा त्यांच्या संस्थात्मक नियोजनाच्या विचाराचा गाभा होता. जवळच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावे म्हणून शाळासंकुलाची कल्पनाही कोठारी आयोगानेच मांडली, आणि महाराष्ट्रातल्या केंद्रशाळा व केंद्रप्रमुख ही व्यवस्था तिच्याच जातकुळीतली आहे. पण संस्था वरच्या दिशेने वाढत गेल्या. दिल्लीत १९६२ मध्ये युनेस्कोच्या मदतीने सुरू झालेले आशियाई केंद्र १९७९ मध्ये नीपा झाले, २००६ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९६२नंतर तब्बल पन्नास वर्षांनी, २०१२ मध्ये, तिथे राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र निघाले. मधल्या काळात प्रशिक्षणाचा मुख्य रोख नियोजन करणाऱ्या आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यावर राहिला. नाईकांनी सांगितलेला शाळा नावाचा घटक पाठ्यक्रमात होता, पण तो चालवणारा माणूस वर्गात फारसा नव्हता.

मुख्याध्यापकाने खरोखर काही फरक पडतो का, हा पुढचा प्रश्न. केनेथ लीथवुड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की मुलांच्या शिकण्यावर परिणाम करणाऱ्या शाळेतल्या घटकांत वर्गातल्या अध्यापनाखालोखाल क्रम शालेय नेतृत्वाचा लागतो. अमेरिकेतल्या २०२१च्या आढाव्यात जेसन ग्रिसम आणि सहकाऱ्यांनी हे महिन्यांत मोजून दाखवले. परिणामकारकतेत खालून पंचविसाव्या शतमकावरच्या मुख्याध्यापकाच्या जागी पंचाहत्तराव्या शतमकावरचा आला, तर वर्षाला गणितात २.९ महिन्यांच्या आणि वाचनात २.७ महिन्यांच्या शिक्षणाइतकी भर पडते. एका मुलापुरती शिक्षक बदलल्याने पडणारी भरही साधारण एवढीच असते, पण मुख्याध्यापकाचा परिणाम सबंध शाळेवर होतो. हे आकडे अमेरिकेचे आहेत आणि ते जसेच्या तसे आपल्याला लागू करण्यात अर्थ नाही. तरी परिणाम कोणत्या वाटेने होतो, हे त्यांच्याहून महत्त्वाचे आहे. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २७ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा अध्यापनावर लक्ष ठेवणाऱ्या नेतृत्वाचा परिणाम प्रेरणा देणाऱ्या, स्वप्न दाखवणाऱ्या नेतृत्वाच्या तिप्पट-चौपट निघाला. त्यातही सर्वांत वरचे माप कशाला मिळाले? शिक्षकांच्या शिकण्याची सोय करून त्यात स्वतः सामील होणाऱ्या मुख्याध्यापकाला. थोडक्यात, ध्येयवाक्य भिंतीवर रंगवून घेणाऱ्यापेक्षा शिक्षकांच्या पाठचर्चेत वही घेऊन बसणारा मुख्याध्यापक शाळेला अधिक उपयोगी. आपल्या कार्यशाळांतून भाषणे मात्र पहिल्या प्रकारच्या नेतृत्वावर होतात.

मग अशा कामाची पदवी घेतली की माणूस चांगला मुख्याध्यापक होतो का? इथे पुरावा विद्यापीठांना सुखावणारा नाही. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांची आकडेवारी घेऊन डेमन क्लार्क, पॅको मार्टोरेल आणि जोना रॉकॉफ यांनी २००९ मध्ये तपासले, तेव्हा मुख्याध्यापकाचे शिक्षण आणि शाळेची कामगिरी यांत फारसा संबंध आढळला नाही. संबंध दिसला तो मुख्याध्यापकपदाच्या अनुभवाशी. नवख्या मुख्याध्यापकांपुरता आणखी एक धागा सापडला: ज्यांनी आधी त्याच शाळेत सहायक मुख्याध्यापक म्हणून काम केले होते, त्यांच्या शाळा काहीशा पुढे होत्या. त्याआधी, २००५ मध्ये, आर्थर लेव्हीन यांनी अमेरिकेतल्या शाळाप्रमुखांच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांवर अहवाल लिहिला होता. स्वतः कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे अध्यक्ष असूनही त्यांनी यातले बहुसंख्य अभ्यासक्रम अपुऱ्यापासून थेट लाजिरवाण्यापर्यंतच्या दर्जाचे ठरवले. श्रेयांक मिळवले की पगार वाढतो, म्हणून पद न घेणारे शिक्षकही ही पदवी घेतात, प्रवेश सोपे होतात, अभ्यासक्रम पातळ होतो आणि विद्यापीठाला शुल्क मिळते, असे ते दुष्टचक्र. आपल्याकडच्या पदव्यांबद्दल इतका स्पष्ट अहवाल कोणी लिहिलेला नाही. पण सेवापुस्तकात नोंद व्हावी एवढ्याच हेतूने घेतलेली पदविका कशी असते, हे शिक्षण क्षेत्रातल्या कोणालाही सांगावे लागू नये.

न्यूयॉर्कचा हा निष्कर्ष आपल्या नियमावलीशेजारी ठेवला की महाराष्ट्राची गोष्ट उलगडते. पदाचा अनुभव कामी येतो, आणि आपली रीत तो अनुभव जमूच देत नाही. खासगी शाळेतला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. पद ज्येष्ठतेने मिळते म्हणजे ते बहुधा नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात मिळते. तीन-चार वर्षे, कधी एखादेच वर्ष, क्वचित काही महिने. पहिले वर्ष संचमान्यता, वेतनदेयके, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती आणि संस्थाचालकांचा स्वभाव समजण्यात जाते, आणि काम हातात बसते तोवर निरोपसमारंभाची तयारी सुरू होते. मग यादीतले पुढचे नाव येते आणि शाळा पुन्हा पहिल्या पानावर जाते. अशा माणसाला पदावर बसल्यावर शालेय नेतृत्वाची पदविका दिली तरी तिचा उपयोग करायला त्याच्याकडे दिवस नसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुख्याध्यापकांकडून दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. ती वाजवी आहे, पण तिच्यातही माणूस आधी पदावर आला आहे हे गृहीत धरलेले आहे.

न्यूयॉर्कच्या अभ्यासातल्या दुसऱ्या धाग्याचे, म्हणजे त्याच शाळेत आधी सहायक म्हणून केलेल्या कामाचे, तसे नाही. आपल्या मोठ्या माध्यमिक शाळांत पर्यवेक्षक आणि उपमुख्याध्यापक ही पदे आहेतच. त्याच शाळेत दुय्यम म्हणून काम करत शिकण्याची शिडी आयती उभी आहे, फक्त तिला कोणी अभ्यासाची जागा मानत नाही. पर्यवेक्षक म्हणजे वेळापत्रक लावणारा, गैरहजर शिक्षकाच्या तासाला बदली शिक्षक देणारा, परीक्षांची बैठकव्यवस्था पाहणारा. प्रत्यक्षात शाळेच्या संघटनेचे सगळे प्रश्न याच माणसाच्या टेबलावर येतात. वेळापत्रकाइतका राजकीय दस्तऐवज शाळेत दुसरा नसतो: कोणाला पहिला तास, कोणाला दहावी, कोणाला ‘क’ तुकडी, यात शाळेच्या श्रेणी आणि शाळेचा न्याय दोन्ही दिसतात. पदव्युत्तर अभ्यास इथे जोडायला हवा. सिंगापूरने काहीसे हेच केले. तिथे निवडलेल्या उपमुख्याध्यापकांना आणि खात्यातल्या अधिकाऱ्यांना २००१पासून राष्ट्रीय शिक्षण संस्थेत सहा महिने पूर्णवेळ नेतृत्वाचा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि पद नंतर येते. सिंगापूर हे एक शहर, महाराष्ट्र हे प्रचंड राज्य, तेव्हा नक्कल करण्याचा प्रश्न नाही. क्रम तेवढा घ्यायचा.

यावर पहिला आक्षेप शिकलेल्यांकडून येतो: शाळेच्या प्रमुखाला अधिकारच नसतील तर त्याला शिकवून काय मिळवायचे? आक्षेप खोटा नाही, आणि त्याला प्रयोगाचा आधारही आहे. मध्य प्रदेशात शाळांचे व्यवस्थापन सुधारण्याचा एक मोठा कार्यक्रम झाला. शाळांचे सविस्तर मूल्यांकन, श्रेणी आणि प्रत्येक शाळेसाठी सुधारणेची योजना असे त्याचे स्वरूप होते. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी यादृच्छिक निवडीने घेतलेल्या १,७७४ शाळांत त्याचा परिणाम तपासला. मूल्यांकने जवळपास सर्वत्र झाली आणि श्रेण्यांतून शाळांची खरी स्थिती कळतही होती. पण शाळांच्या कामकाजावर किंवा मुलांच्या शिकण्यावर काही परिणाम आढळला नाही. वाढले ते अहवाल आणि कागद. तरीही कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि त्याचा विस्तार देशभरातल्या सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत झाला. उत्तरदायित्व आणि प्रोत्साहने जिथल्या तिथे ठेवून केवळ पद्धत बदलल्याचा हा नमुना आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आठ देशांतल्या १,८००हून अधिक माध्यमिक शाळांचे व्यवस्थापन मोजले, त्यात भारत तळाशी होता. स्वायत्त सरकारी शाळा इतरांहून सरस ठरल्या, आणि त्यामागे नुसती स्वायत्तता नसून जबाबदारी विचारणारी रचना आणि प्रमुखाचे नेतृत्व होते, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे अधिकार, उत्तरदायित्व आणि शिक्षण ही तिन्ही एकत्र यावी लागतात. अधिकार येईपर्यंत शिक्षण थांबवा, असा अर्थ मात्र यातून निघत नाही. आजच्या नियमांतही वेळापत्रक, वर्गवाटप, पाठनिरीक्षण आणि शिक्षकांच्या बैठकांचा विषय ठरवणे हे मुख्याध्यापकाच्या हातात आहे, आणि रॉबिन्सन यांच्या मोजणीत सर्वाधिक परिणाम करणारे काम याच कक्षेत बसते.

दुसरा आक्षेप संघटनांचा आणि अधिक गंभीर आहे. ज्येष्ठतेचा नियम आळसातून आलेला नाही. संस्थाचालकाच्या मुलाला, सुनेला, जावयाला किंवा मर्जीतल्या माणसाला मुख्याध्यापक करण्याची चाल मोडण्यासाठी तो आला, आणि ज्याने चाळीस वर्षांपूर्वीच्या खासगी संस्था पाहिल्या आहेत तो त्याला सहजी हात लावू देणार नाही. उद्या ‘नेतृत्वगुण’ पाहून निवड सुरू झाली तर ते गुण कोणाच्या घरात सापडतील, हे वेगळे सांगायला नको. म्हणून ज्येष्ठता काढून टाकावी, असे माझे म्हणणे नाही. पर्यवेक्षकपदासाठी सेवाज्येष्ठ तिघा-चौघांना पात्र ठरवावे, त्यांतला जो राज्याने मान्य केलेला, शाळेतल्या प्रत्यक्ष कामावर आधारलेला अभ्यासक्रम पूर्ण करील त्याला ज्येष्ठतेच्याच क्रमाने पुढचे पद द्यावे, आणि मूल्यमापन संस्थेकडे न देता विद्यापीठाकडे व राज्याच्या यंत्रणेकडे ठेवावे. बी.एड.ची अट घातल्याने संस्थाचालकांचे फावले नाही, उलट त्यांचे हात बांधले गेले. या अटीनेही तेच होईल.

इंग्लंडचे उदाहरण कोणी पुढे करील. तिथे १९९७ मध्ये सुरू झालेली मुख्याध्यापकपदाची राष्ट्रीय अर्हता २००९ मध्ये नव्या मुख्याध्यापकांना सक्तीची झाली आणि २०१२ मध्ये सक्ती उठलीही. पण तिथल्या शाळांना आपला प्रमुख स्वतः निवडता येतो, जागेची जाहिरात निघते, मुलाखती होतात. निवडीची चाळणी आधीच असेल तर अर्हतेची सक्ती सैल करणे परवडते. आपल्याकडे ज्येष्ठतेशिवाय दुसरी चाळणीच नाही.

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळांचा प्रश्न निराळा आहे, आणि त्यावर एवढेच: शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक दीडशेपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तरच आहे. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच सुमारे १५ हजार आहेत. दोन शिक्षकांच्या शाळेत एकजण शिकवता शिकवता प्रभारी मुख्याध्यापक असतो, आणि त्याला नेतृत्वाची पदविका देण्याने काही साधणार नाही. तिथे संघटनेचा घटक केंद्र आहे आणि अभ्यास करायचा तो केंद्रप्रमुखाने. कोठारी आयोगाच्या संकुलाचा अर्थ तिथे अजून लागू शकतो, पण केंद्रप्रमुख माहिती गोळा करणारा टपाल्या होऊन राहिला तर नाही.

विद्यापीठांनी त्यांच्या बाजूने एक गोष्ट उद्यापासून करावी. डीएसएम असो, एम.एड. असो की नीपाची पदविका, प्रकल्प म्हणून सहसंबंधांच्या प्रश्नावल्या बंद कराव्यात. त्याऐवजी एका शाळेचे एका वर्षाचे वेळापत्रक, वर्गवाटप, पाठनिरीक्षणाच्या नोंदी आणि बैठकांचे इतिवृत्त घेऊन ती शाळा कशी चालते, याचा अहवाल मागावा. अशा दोनशे अहवालांतून जे कळेल ते आजवरच्या सर्व प्रबंधांतून कळलेले नाही. उरले काम सरकारचे आहे. १९७७च्या कायद्याचे कलम १६ नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला देते, त्यामुळे नियम ३ मध्ये अभ्यासाची अट घालण्यासाठी विधिमंडळात नवा कायदा आणण्याचीही गरज नाही. एक अधिसूचना पुरेशी आहे.